पुरासाठी जुनी मोटरबोट घेताना

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या प्रयाग चिखलीत शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर सोसल्यावर मंडळाने वर्गणी काढून स्वतःची बोट घ्यायचं ठरवलं. नवी झेपणारी नव्हती. म्हणून फोंडा घाट उतरून मालवणात जुन्या फायबर बोटी बघायला गेलो.

सगळे आधी विचारतात, इंजिन किती हॉर्सपॉवरचं? माझं म्हणणं, आधी इंजिन जिथे टांगलेलं असतं ती मागची फळी बघा. बाहेरून फायबर दिसतं, पण जुन्या बोटीत आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरतं, लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून काही कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळी फळी ठोकत जायचं. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत ओल आहे. मग इंजिन वर उचलून त्याच्या पायावर जोर द्यायचा आणि फळी हलते का बघायचं.

पहिली बोट ताज्या रंगाची, किंमतही कमी. पण फळी हलत होती आणि बोल्टांभोवती तपकिरी पाणी झिरपलेलं होतं. पोरांचा जीव तिच्यात अडकला होता, तरी सोडली. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते या भागात कोण विसरेल? भरल्या पुरात माणसांनी भरलेल्या बोटीची फळी निखळली तर काय करणार?

दुसरी ओरखड्यांची, जुन्या रंगाची. अनवाणी आत चालून बघितलं, तळ कुठे दबत नव्हता. मालकांना फोनवरच सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गरम इंजिन कसंही सुरू होतं. आमच्यातल्या मेकॅनिकने प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजवर घेतलं. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असला तर नको. खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल बघितलं. ते दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि पाणी आत शिरलंय. पंखा काढून मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली नाही ना, तेही पाहिलं. सील बहुधा तीच कापते.

मग लाइफ जॅकेट घालून सगळे बसलो आणि खाडीत भरल्या बोटीने फेरी मारली. इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची धार सतत पडायला हवी. चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली किल स्विचची दोरी ओढली, इंजिन जागच्या जागी बंद. पुरात चालवणारा पाण्यात पडला तर फिरत्या पंख्यापासून सगळ्यांना हीच दोरी वाचवते, म्हणून ती दोनदा तपासली.

नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष नंबराशी जुळवूनच पैसे दिले. इंजिनाला गंजापासून वाचवणारी, पण झिजलेली जस्ताची वडी आणि तडकलेला पेट्रोलचा पाइप दाखवल्यावर मालकांनी थोडी रक्कम कमी केली. गावी आणल्यावर आधी इंजिनातलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढलं, मग हे दोन्ही आणि थंडाव्याचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, नवं टाकलं.