तुम्ही विचारलंत म्हणून : कोणत्या जहाजाचे कॅप्टन होते तुम्ही?

नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झालो हे कळलं, की नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला : "मग कोणत्या जहाजाचे कॅप्टन होते तुम्ही?"

कोणत्याच नाही. होणारही नव्हतो.

युद्धनौकेची कमान एक्झिक्युटिव्ह शाखेकडे, म्हणजे जहाज हाकणाऱ्या आणि लढवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे असते. मी इंजिनीअरिंगचा. इंजिनं, जनरेटर, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्लांट, शिवाय आग लागली किंवा पाणी शिरलं तर जहाज वाचवायची तयारी, हा आमचा संसार. नौदलप्रमुख आजवर एक्झिक्युटिव्ह शाखेतूनच झाले. आमची शिडी व्हाइस ॲडमिरलपाशी संपते. जाण्याआधीच हे माहीत असतं, त्यामुळे हळहळ नाही. बरं, थोडी आहे.

"नागपुरात समुद्र कुठे?" हाही प्रश्न येतो. नौदलाचे इंजिनीअर घडवणारी आयएनएस शिवाजी (नाव जहाजासारखं, पण ही जमिनीवरची प्रशिक्षण संस्था) 1945 पासून लोणावळ्याच्या डोंगरात आहे. तिथूनही समुद्र दिसत नाही.

माझी सुरुवातीची जहाजं वाफेची. त्यातली खरी गोम माझ्या साडभाऊंना पटकन कळते, कारण ते कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होतं आणि तेच बॉयलरला परत जातं. जहाजावर कंडेन्सरच्या नळ्यांत समुद्राचं पाणी खेळतं आणि नळ्यांबाहेर, वाफेच्या बाजूला, निर्वात असतो. एका नळीला बारीकशी चीर गेली तरी खारं पाणी आत ओढलं जातं. तिथून ते बॉयलरमध्ये, आणि मग बॉयलरच्या नळ्या सडू लागतात. "आमच्याकडे एक युनिट बंद पडलं तर दुसरीकडून वीज घेता येते," साडभाऊ म्हणतात. "तुम्ही कुठून घेत होते?"

कुठूनच नाही. अशा वेळी वर ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या कक्षात, जाऊन कॅप्टनला सांगायचं : एक बॉयलर बंद करायला हवा, सर, वेग कमी होईल. सराव ऐन रंगात असतो, ताफ्यातली बाकीची जहाजं पुढे निघालेली असतात. कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा होतो. वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते, त्यामुळे शेवटचे दोन-चार नॉट फार महाग पडतात, हे त्याला पटवायचं. बॉयलर चालूच ठेवायचा की नाही, हा निर्णय त्याचा. पण किती वेळ तग धरेल हे घाबरून कमी किंवा खूश करायला जास्त सांगायचं नाही. माझ्या मते इंजिनीअर अधिकाऱ्याची किंमत इथेच ठरते, खांद्यावरच्या पट्ट्यांवर नाही.

पुढे गॅस टर्बाइन आली. वाफ तयार व्हायला तास लागायचे, ही काही मिनिटांत सुरू होते. 2022 मध्ये दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर अशा चार आहेत, बॉयलर नाहीच.

हुद्दा वाढला तशी इंजिन रूम सुटली. गोदी, रिफिट (जहाजाची मोठी दुरुस्ती), सुट्या भागांच्या फायली, बैठका. ते दिवस लांबच लांब होते, सांगण्यासारखं त्यात फारसं नाही.

हल्ली काही मुलं सल्ला विचारायला घरी येतात. कमान हवी असेल तर शाखेची पसंती विचारतात तेव्हाच एक्झिक्युटिव्ह सांगा, असं मी त्यांना म्हणतो. पुढे बदलून घेऊ, या भरवशावर जाऊ नका.