टर्बो गाडीचा एचपी कंपनी कमी काऊन सांगते

२०१९ ला टोयोटाची नवीन टर्बोवाली (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) सुप्रा गाडी आली तेव्हा कंपनीनं ३३५ एचपी सांगितले, तेही इंजिनवरचे. कार अँड ड्रायव्हर मासिकानं गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चढवली तं चाकावरच ३३९ भेटले. आता ट्रॅक्टर घेणाऱ्याले हे समजावून सांगा लागत नाही, आपल्याकडं शोरूममधे पहिलेच विचारतेत की इंजिनचे राहू दे बाप्पा, पीटीओवर (अवजार जोडायच्या मागच्या शाफ्टवर) किती भेटते ते सांग, कारण मागं येतायेता थोडी ताकद गिअरात मरतेच. मग चाकावर ३३९ तं इंजिनवर पावणेचारशेच्या वर असलेच पाहिजे ना!

जपानमधे हे उघड चालायचं. १९८९ पासून कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) वर लिहायचं नाही, म्हणून निसानच्या स्कायलाइन जीटी-आरच्या कागदावर शेवटपर्यंत २८०च, असायचे ३०० च्या वर. २००४ ला होंडा लेजंड ३०० घेऊन आली अन् ते संपलं. पण ते राजकारण झालं.

मले विचाराल तं खरं कारण ऊन आहे. पावरचा आकडा २५ डिग्रीच्या हवेच्या हिशोबानं असते, अन् आपल्याकडं मे मधे ४५. बिनटर्बोच्या इंजिनात हवा पातळ झाली की पावर पडली, विषय संपला. टर्बोत बूस्ट, म्हणजे हवेचं प्रेशर, किती द्यायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवते, कमी पडलं तं वेस्टगेट (टर्बोच्या बाजूनं धूर सोडणारी झडप) बंद करून टर्बो अजून फिरवते, म्हणून कंपनी थोडी जागा राखून ठेवते, की गाडी चार वर्षं जुनी असो, फिल्टरात धूळ असो, सांगितलेला आकडा निघालाच पाहिजे. थंडीत मग तेच जास्तीचे भेटतात.

तरी त्यालेही मर्यादा आहेच. समृद्धीवर कारंज्याच्या इंटरचेंजले दुपारी टोलच्या रांगेत एसी लावून उभे राहा, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) पार तापून जाते, निघताना पाय दाबला तं गाडी पहिले काही सेकंद झोपेतच असते, नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक, होऊ नये म्हणून ईसीयूनं ठिणगीचं टायमिंग मागं घेतलेलं असते, वारा लागला की मग उठते (लिमिट १२० आहे, मी शहाणा माणूस आहो).

आकडा कमी ठेवण्यामागं गिअरबॉक्स जपणं, महागड्या मॉडेलची इज्जत राखणं हेही असतेच. स्कॉर्पिओ-एनचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन खालच्या मॉडेलात १३२ पीएस, वरच्यात १७५, इथं तं कंपनी सांगूनच कमी देते.

रीमॅपवाले (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारे) ‘फुकटचे ३० एचपी’ म्हणतात ते हीच राखीव जागा विकतात. करायचंच असेल तं डिसेंबरच्या सकाळचा डायनो पेपर पाहू नका, मे मधे दुपारी दोनला डायनोवर लागोपाठ पाच पुल (फुल रेसचे फेरे) मारायले लावा अन् शेवटच्या पुलचा आकडा मागा.