पावसाआधी घरचं सरपण

आमच्या यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यात गॅस घरोघरी आला, तरी आंघोळीचं पाणी, भाकरी आणि उन्हाळ्यातला कुरडयांचा चीक अजून चुलीवरच होतो. त्यासाठी वर्षाचं सरपण सगळं घर मिळून फेब्रुवारी ते मे या काळात उभं करतं. तोडणं त्यातलं सोपं काम. पावसाळ्यात चूल पेटेल की नुसता धूर होईल, हे वाळवण्यावर आणि रचण्यावर ठरतं.

सुरुवात पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झालेल्या कपाशीच्या झाडांपासून. शेवटची वेचणी झाली की लगेच उपटायची, कारण काळी जमीन सुकून भेगाळली की मूळ येत नाही, पऱ्हाटी मध्येच मोडते आणि धसकट वावरात राहतं. हातानं उपटत बसलं तर तळहात सोलतात. लोखंडी चिमटा बुडाशी, जमिनीला टेकवून धरायचा आणि दांडा खाली दाबायचा. अख्खं मूळ वर येतं. मागून येणाऱ्यानं दोन-दोन पऱ्हाट्या एकमेकींवर आपटून मुळांची माती झाडायची. हे काम पोरांना चांगलं जमतं आणि ते टाळू नये, कारण माती तशीच चुलीत गेली की राख दुप्पट होते आणि जाळ कोंडतो.

पऱ्हाटीवरची वाळकी, किडकी बोंडं मात्र तोडूनच घ्यावी लागतात. गुलाबी बोंडअळी त्यांच्यात सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. २०१७ साली या अळीनं विदर्भातल्या कपाशीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून बोंडं वेगळी गोळा करून तिथंच जाळायची, आणि पऱ्हाटीची गंजी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, न लावता घराजवळ आणायची. हे माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारंही.

पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटतात, भाकरीला मोठा जाळ देतात, पण निखारा धरत नाहीत. सतत कोणीतरी पुढं सारत बसावं लागतं. चीक शिजवायचा किंवा मोठं पातेलं तापवायचं तर बाभूळच पाहिजे. तिचं लाकूड जड, निखारा लांब टिकणारा. हिवर आणि बोरही चांगले. पळस हलका, लवकर जळून जातो. कण्हेर चुलीत घालायची नाही, तिचा धूरही विषारी असतो.

बाभूळ आम्ही धुऱ्यावरची घेतो, तीही फांद्या छाटून. बुंधा ठेवला तर पुन्हा फुटते. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं आपल्या वावरात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रानात गेलो तर पडलेलं, वाळलेलंच उचलायचं, आणि अभयारण्यात पाऊल टाकायचं नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या गावांत तर वाघामुळं रानात एकट्यानं जायचंच नाही. ऊन वर आल्यावर चार-पाच जणींनी बोलत जायचं, आणि बाकीच्या वाकल्या असतील तेव्हा एकीनं उभं राहून लक्ष ठेवायचं.

बाभूळ ओली असतानाच फोडायची. वाळली की कुऱ्हाड तिच्यावरून उडते. आधी दीड फुटाचे तुकडे पाडायचे, मग जमिनीवर न ठेवता रुंद ठोकळ्यावर उभे करून फोडायचे. जमिनीवर फोडलं तर धार दगडाला लागते. घाव टोकाच्या भेगेवर घालायचा, गाठीवर नाही. गाठीचा तुकडा बाजूला काढून पाचर आणि घणानं फोडावा, नाहीतर तसाच पाणी तापवायला ठेवावा. मनगटापेक्षा जाड ढलपी राहू द्यायची नाही. उन्हाळ्यात दांडा आकसून कुऱ्हाडीचं पातं ढिलं होतं, म्हणून कामाआधी रात्रभर पातं पाण्यात बुडवून ठेवायचं. तरीही हललं तर नवी पाचर मारल्याशिवाय एकही घाव घालू नये, आणि पोरांना फोडणाऱ्याच्या समोर किंवा मागं उभं राहू देऊ नये. त्यांनी ढलप्या वाहून न्याव्या. काटेरी शेंडे कुंपणाला जातात.

ओल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. ते आधी उडून गेल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही, आणि भिंती काळ्या होतात, डोळे चुरचुरतात ते त्यामुळंच. म्हणून रास ओतून ठेवायची नाही. खाली दगड मांडून त्यावर दोन आडव्या बल्ल्या, जमिनीपासून वीतभर उंच. त्यावर एक थर उभा, एक थर आडवा, मधून वारा जाईल असा. उंची छातीएवढी, त्याहून जास्त झाली की ढासळते. घराच्या भिंतीला आणि गोठ्यातल्या कुटाराला (भुसकटाला) चिकटवून रचू नका; एका ठिणगीत दोन्ही जातात.

वाळलं की नाही ते पाहायला दोन ढलप्या एकमेकींवर मारायच्या. वाळलेल्या खणखणतात, ओल्या बदबदतात. टोकांना भेगा पडलेल्या आणि साल सुटलेली दिसते. सालीखाली पीठ पडत असेल तर कीड लागली आहे. अशी लाकडं सोलून दोन दिवस कडक उन्हात टाकायची आणि आधी जाळायची.

मृगाआधी गंजीच्या डोक्यावर पत्रे किंवा ताडपत्री, बाजू मोकळ्या. सगळीकडून गुंडाळलं तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी येते. पावसाळ्यात लाकूड काढताना आधी काठीनं ढोसायचं, मग हात घालायचा. घोणस, नाग आणि विंचू याच जागेला येतात. अंधारात तर बॅटरीशिवाय गंजीकडे जाऊ नये. दुसऱ्या दिवसाचं सरपण आदल्या रात्रीच चुलीशेजारी आणून ठेवायचं, पण चुलीच्या तोंडाशी नाही.

जाळायचा क्रम असा: पऱ्हाटी आधी, नव्या कपाशीला पात्या (कळ्या) लागण्याच्या आत ती संपली पाहिजे. तुराट्या पेटवणीला थोड्या राखून ठेवायच्या. यंदाच्या बाभळीला हात झडी लागल्यावरच.