शिवणीवरचं पान
आज दिवसभर शिवणीच्या, म्हणजे शिवण झाडाच्या लाकडाच्या, फळीवर पिंपळपान कोरत होते. सुरुवातीला सागावर शिकले, तेव्हा पटाशीची धार सारखी जायची. सागात सिलिका (वाळूत असते तीच) असते, ती धार खाऊन टाकते. शिवण मऊ, एकसारखी, हाताचं ऐकणारी.

तरी पानाच्या टोकाशी नको तेवढी ढलपी उडालीच. तंतूंच्या उलट पटाशी चालवली होती. फळी फिरवून दुसऱ्या बाजूने आले, आणि गोल पटाशीखालून कागदासारखी पातळ साल सुटत गेली. तो बारीक सर्र आवाज मला फार आवडतो.

मध्येच थांबून चामड्याच्या पट्ट्यावर पातं मागे ओढत धार सारखी केली. इजा बोथट हत्यारानेच जास्त होते, कारण आपण जोर लावतो. (दुसरा हात कायम पात्याच्या मागे!)

मधली शीर अजून राहिलीय. ती उद्या, सकाळच्या तिरप्या उजेडात.