तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीचा कोणता किनारा, आणि तिथे जेवायचे काय?

ओळखीचे कोणी इटलीला निघाले की त्यांच्याकडून मला हमखास एक प्रश्न येतो. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ठरलेले असते, तिकिटे काढून झालेली असतात आणि उरलेले काही दिवस समुद्राकाठी घालवायचे असतात. तेव्हा अमाल्फीला जावे की चिंक्वे तेर्रेला, असे ते विचारतात. पाठोपाठ थोड्या काळजीच्या सुरात हेही विचारतात की घरातली निम्मी माणसे शाकाहारी आहेत, त्यांचे तिथे कसे व्हायचे. या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे: पुलियाला जा. इटलीच्या बुटाची जी टाच आहे, तो हा प्रांत. आद्रियातिक समुद्राच्या काठाने त्रानी आणि बारी पाहत दक्षिणेला ओत्रान्तोपर्यंत उतरावे आणि टाच ओलांडून पलीकडच्या आयोनियन समुद्रावर गल्लीपोलीला पोहोचावे.

अमाल्फी आणि चिंक्वे तेर्रे सुंदर आहेत, यात वाद नाही. पण मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचे काम करते, आणि एखाद्या मुलखातल्या इमारती आणि तिथले जेवण यांचा सांधा मला पुलियात जितका स्वच्छ दिसला तितका इटलीच्या दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यावर दिसला नाही. हा बहुतेक सगळा प्रदेश चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी भेगांमधून थेट खाली जिरते, बारमाही नद्या जवळजवळ नाहीत, आणि शेत करायचे म्हणजे आधी जमिनीतले दगड वेचावे लागतात. वेचलेल्या दगडांचे गडगे शेतांच्या कडेने उभे राहिले, खाणीतल्या मोठ्या दगडांची कॅथेड्रले झाली, आणि अशा कोरड्या जमिनीत जे तग धरू शकते, म्हणजे ऑलिव्ह, बदाम, आपल्याकडच्या बन्सीसारखा कठीण गहू, हरभरा, फावे नावाचे वालासारखे मोठे दाणे आणि बांधावरच्या रानभाज्या, तेच लोकांच्या ताटात आले. मांस परवडत नव्हते म्हणून शतकानुशतके गरिबांचे स्वयंपाकघर भाज्या आणि कडधान्यांवर चालले, आणि आज त्याच स्वयंपाकाचा त्या लोकांना अभिमान आहे. शाकाहारी माणसाचे तिथे नुसते भागत नाही, तर तो त्या प्रदेशाच्या मूळ जेवणाच्या अधिक जवळ जातो.

सुरुवात बारीच्या जुन्या गावठाणापासून करावी. १०८७ च्या मे महिन्यात बारीच्या खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मीरा गावातून संत निकोलसच्या अस्थी आणल्या आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी बाझिलिका, म्हणजे मोठे मानाचे चर्च, बांधायला घेतली. जागा निवडली ती बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, राज्यपालाच्या वाड्याची; नॉर्मनांनी १०७१ मध्ये शहर जिंकल्यामुळे तो वाडा रिकामा पडला होता. पुढे संपूर्ण पुलियात जी रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन पद्धतीची, चर्चे उभी राहिली, त्यांचा कित्ता या इमारतीने घालून दिला. बाहेरून ती किल्ल्यासारखी सपाट आणि करारी दिसते. आत गेल्यावर मात्र वेदीमागच्या संगमरवरी आसनाशी थोडे थांबावे. एलिया या मठाधिपतीच्या नावाने ओळखले जाणारे हे आसन ज्या माणसांच्या खांद्यावर कोरले आहे, त्यांचे चेहरे ओझ्याने पिळवटलेले आहेत, तोंडे उघडी आहेत, गुडघे वाकलेले आहेत. धर्मसत्तेच्या आसनाखाली हमालाचे दुखणे इतक्या स्पष्टपणे कोरणारा कारागीर मला फार मोठा वाटतो. खाली तळघरात संताची समाधी आहे आणि तिथे कॅथलिकांच्या बरोबरीने पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स यात्रेकरूही प्रार्थना करताना दिसतात, हे ख्रिस्ती जगात सहसा पाहायला मिळत नाही.

या बाझिलिकेपासून चालत थोड्याच अंतरावर आर्को बास्सो नावाची गल्ली आहे. तिथे बायका दारात लाकडी पाट मांडून ओरेक्किएत्ते नावाची पास्ता वळत बसलेल्या असतात. पीठ फक्त रव्याचे आणि पाण्याचे, त्यात अंडे नसते. मळलेल्या पिठाची बोटाएवढी जाड वळी करायची, तिचे छोटे तुकडे पाडायचे, बोथट सुरीच्या टोकाने एकेक तुकडा पाटावर दाबून आपल्याकडे ओढायचा म्हणजे तो गुंडाळत येतो, आणि मग अंगठ्याच्या पेरावर उलटा करायचा. कानाच्या पाळीसारखा आकार तयार होतो, ज्याच्या आतल्या खळग्यात आणि बाहेरच्या खरबरीत अंगावर तेल आणि भाजी धरून राहते. वळणारीची नजर बहुतेक वेळ समोरच्या शेजारणीकडे असते आणि हात आपले काम करीत असतात. पलीकडे जाळीच्या लाकडी चौकटींवर हे ओरेक्किएत्ते वाळत पडलेले असतात. विकत घ्यायच्या आधी थोडा वेळ उभे राहून नुसते पाहावे, आणि फोटो काढायचा असेल तर विचारून काढावा, कारण ते त्यांचे घर आहे.

हे ओरेक्किएत्ते चिमे दी रापा या किंचित कडवट पालेभाजीबरोबर खातात. ही भाजी थंडीची आहे. जुलैत कोणी वाढलीच तर ती हंगामाची नाही हे समजून घ्यावे. शाकाहारी लोकांनी इथे सावध राहावे, कारण फोडणीला तेलात लसणाबरोबर अँकोव्ही मासा विरघळवण्याची पद्धत आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मागणी नोंदवतानाच ‘सेन्झा अच्चुगे’ म्हणजे अँकोव्हीशिवाय असे सांगितले की आनंदाने तसे करून देतात. दुपारच्या भुकेला बारीची फोकाच्चा, म्हणजे चपट्या पावासारखी जाड रोटी, पुरेशी आहे. तिच्या पिठात बहुधा उकडलेला बटाटा कुस्करून घातलेला असतो, वरून हाताने चुरलेले टोमॅटो, ऑलिव्ह आणि ओरेगानो असते, आणि गोल लोखंडी थाळ्यातल्या भरपूर तेलामुळे तिची कड कुरकुरीत होते. संध्याकाळी जुन्या गावात मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या वड्या तळून विकतात, त्यांना स्गाल्योत्से म्हणतात. त्या गरम असतानाच मीठ भुरभुरून खाव्यात.

एकच पदार्थ खायला वेळ असेल तर मी फावे ए चिकोरिए सांगेन. सुके सोललेले फावे मंद आचेवर आपल्या घट्ट वरणासारखे होईपर्यंत शिजवतात, त्यात ताजे ऑलिव्ह तेल घोटतात आणि शेजारी उकडून परतलेली रानटी चिकोरी वाढतात. एका बाजूला दाण्यांचा गोडवा, दुसऱ्या बाजूला पाल्याचा कडवटपणा, आणि दोन्हींना सांधणारे तिखटसर तेल. ताटात याहून अधिक काही नसते आणि याहून अधिक काही लागतही नाही.

त्रानी बारीहून रेल्वेने जवळ आहे आणि तिथे संध्याकाळी पोहोचावे असा माझा आग्रह असतो. १०९९ मध्ये बांधायला घेतलेले तिथले कॅथेड्रल अगदी समुद्राच्या कडेला उभे आहे. ज्याच्या नावाने ते आहे तो यात्रेकरू निकोलस हा ग्रीक तरुण होता; ‘किरिए एलेइसॉन’, म्हणजे ‘प्रभू, दया कर’, असे पुकारत तो गावोगाव फिरला आणि १०९४ मध्ये त्रानीतच वारला. या इमारतीत खरे म्हणजे एकावर एक चढलेली चर्चे आहेत: तळाशी संत लेउचोचे भुयारी स्थान, त्यावर जुने मरियेचे चर्च, आणि त्यावर आजचे कॅथेड्रल, ज्याच्या दाराशी पोहोचायला दोन्ही बाजूंनी जिना चढावा लागतो. घंटाघराच्या पायथ्याशी एक उंच कमान आहे आणि तिच्यातून पलीकडे जाता येते. एवढा मोठा मनोरा कमानीवर तोलायचा हे धाडसच होते, आणि ते पेलण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यात हा मनोरा दगड दगड उतरवून पुन्हा रचावा लागला. बारीसानो या त्रानीच्याच ओतकाऱ्याने बाराव्या शतकात घडवलेले कांस्याचे दरवाजे आता आत जपून ठेवले आहेत. काळ्या बेसॉल्टच्या मुलखात वाढलेल्या आपल्या डोळ्यांना त्रानीचा दगड प्रथम अनोळखी वाटतो. तो दुपारी जवळजवळ पांढरा असतो आणि ऊन उतरू लागले की गुलाबी होत जातो. त्यासाठी संध्याकाळ हवी, आणि कॅथेड्रल आतून पाहायचे असेल तर बंद होण्याची वेळ आधी विचारून ठेवावी.

तिथून दक्षिणेकडे जाताना लागणारी पोलिन्यानो, मोनोपोली आणि ओस्तुनी ही गावे देखणी आहेत. एकेका दुपारी पाहून पुढे जावे. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

ओत्रान्तोसाठी मात्र पूर्ण सकाळ राखून ठेवावी. १०८८ मध्ये समर्पित झालेल्या तिथल्या कॅथेड्रलची संपूर्ण जमीन एका मोझेइकने, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्राने, व्यापलेली आहे. पान्तालेओने नावाच्या संन्याशाने ११६३ ते ११६५ या काळात ते घडवून घेतले. दारापासून वेदीपर्यंत एक प्रचंड वृक्ष पसरला आहे आणि त्याच्या फांद्यांमध्ये नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, गरुडसिंहांच्या साह्याने आकाशात चढू पाहणारा सिकंदर आणि चक्क ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर असे सगळे वसलेले आहेत. या वृक्षाचे मूळ दोन हत्तींच्या पाठीवर आहे. ज्याने हत्ती बहुधा कधी पाहिला नसेल अशा माणसाने काढलेले हे हत्ती मला फार प्रिय आहेत. पण माझ्या विषयाशी अधिक निगडित आहेत ती बारा महिन्यांची बारा वर्तुळे. प्रत्येकात त्या महिन्याची रास आणि त्या महिन्याचे काम दाखवले आहे: कापणी, मळणी, द्राक्षे तुडवणे, नांगरणी. देवाच्या घराच्या जमिनीवर शेतकऱ्याचे वर्ष मांडलेले आहे, आणि त्या वर्षातून जे पिकते ते बाहेरच्या खानावळीत आजही मिळते. ओत्रान्तोजवळच्या लेच्चे शहराच्या बाजूला चिचेरी ए त्रिया म्हणून हरभऱ्यातली पास्ता करतात, ज्यात थोडी पास्ता उकडलेली आणि थोडी तळलेली असते. ती ओत्रान्तोतही मागून पाहावी.

याच कॅथेड्रलच्या एका उपासनागृहात काचेमागे कवट्या आणि हाडे रचून ठेवली आहेत. १४८० मध्ये ओटोमन फौजेने गाव घेतले तेव्हा मारल्या गेलेल्या सुमारे ८०० रहिवाशांच्या त्या अस्थी आहेत, आणि २०१३ मध्ये त्या सर्वांना संतपद दिले गेले. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी.

गल्लीपोलीचे जुने गाव बेटावर आहे आणि पुलाने मुख्य भूमीला जोडलेले आहे. तिथे तेलाच्या घाण्यापासून सुरुवात करावी आणि मग चर्चकडे जावे. हे घाणे रस्त्याखाली, खडकात कोरलेले आहेत. थंडीत ऑलिव्हचे तेल गोठू लागते आणि जमिनीखाली ऊब टिकते, म्हणून माणसे आणि जनावरे हिवाळाभर तिथे खाली राबत. वरच्या भोकांतून ऑलिव्ह आत ओतत, डोळे बांधलेले खेचर दगडी चाक फिरवी, लगदा गोल चटयांमध्ये भरून लाकडी दाबाखाली पिळत आणि तेल खडकातल्या हौदांत निवळत ठेवत. हे तेल मुख्यतः खाण्याचे नव्हते, दिव्यांचे होते. सतराव्या आणि अठराव्या शतकात इथून भरून निघालेल्या जहाजांच्या तेलावर लंडनसारख्या शहरांचे दिवे जळत होते. भुयारातून वर येऊन सांता आगाता कॅथेड्रलसमोर उभे राहिले की १६२९ मध्ये सुरू झालेल्या त्या बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या शैलीतल्या, इमारतीची कलाकुसर कोणत्या पैशावर उभी राहिली, ते वेगळे सांगावे लागत नाही. तिचा दर्शनी भाग कार्पारो या मऊ, पिवळसर स्थानिक दगडाचा आहे, आणि म्हणूनच कारागिराला इतके बारीक कोरता आले. मासे खाणाऱ्यांनी इथे स्कापेचे खावे: तळलेले लहान मासे, व्हिनेगर आणि केशरात भिजवलेल्या पावाच्या चुऱ्याच्या थरांमध्ये मुरवलेले, गडद पिवळ्या रंगाचे.

गल्लीपोलीच्या वाटेवर तुम्हाला हजारो वाळलेली ऑलिव्हची झाडे दिसतील, आणि त्याबद्दल मी आधी सांगितले नाही तर ते बरोबर होणार नाही. २०१३ मध्ये याच परिसरात क्सायलेल्ला नावाचा जिवाणू आढळला. एक तुडतुड्यासारखा कीटक तो झाडाझाडांत पसरवतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका त्यामुळे तुंबतात. काही शतके उभी असलेली, ज्यांच्या बुंध्यांना पीळ पडून शिल्पाचे रूप आले होते अशी लाखो झाडे सालेन्तोत, म्हणजे पुलियाच्या या दक्षिण टोकाकडच्या भागात, मेली. इमारत ढासळली तर ती पुन्हा रचता येते, त्रानीच्या मनोऱ्याच्या बाबतीत ते करून दाखवले आहे. पाचशे वर्षांचे झाड असे रचता येत नाही. आता शेतकरी लेच्चीनो आणि फावोलोझा या तग धरणाऱ्या जातींची रोपे लावत आहेत. म्हणून माझी विनंती अशी की जाल तेव्हा विमानतळावरची बाटली न घेता तिथल्याच एखाद्या घाण्यावर जाऊन तेल विकत घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर नवे तेल गाळताना पाहायला मिळते, पावावर घालून चाखायला देतात आणि ते घशात मिरीसारखे लागते.

राहिलेल्या व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगते. मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम, ऑगस्ट टाळावा. बरीचशी चर्चे दुपारी बंद असतात आणि रात्रीचे जेवण आठच्या आधी सहसा मिळत नाही, त्यामुळे दुपारी विश्रांती घेऊन दिवसाचे दोन भाग करावेत. बारी ते लेच्चे मोठी रेल्वे आहे. लेच्चेहून ओत्रान्तो आणि गल्लीपोलीला लहान गाड्या जातात, पण रविवारी त्या कमी असतात. लेच्चेचे पास्तीचोत्तो हे क्रीम भरलेले गोड पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात, त्यामुळे शाकाहारी लोकांनी ‘सेन्झा स्त्रुत्तो’ आहे का ते विचारून घ्यावे. लोण्यातले करणारी दुकानेही आहेत. बहुतेक जुन्या चीजमध्येही जनावराचे रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेले दूध गोठवणारे विरजण, असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ताटावर चीज किसू नका असे सांगावे आणि त्याऐवजी परतलेल्या पावाचा चुरा मागावा. पूर्वी ज्यांना चीज परवडत नसे, ते पास्तावर हाच चुरा घालत असत.