ठाण्यात हेअर ट्रान्सप्लांट: ऑपरेशनचा दिवस सोपा, पुढचं बघा

ऑफिसात जो तो बाजूला घेऊन हळूच विचारतो, दुखतं का रे, किती लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी राहतो ऐरोलीत, ट्रान्सप्लांट केलं ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला, एफयूई पद्धतीने (म्हणजे एकेक मूळ सुटं काढून लावायचं), साधारण अडीच हजार ग्राफ्ट, म्हणजे केसांची मुळं.

आधी क्लिनिक. घोडबंदर रोड, पाचपाखाडी, वाशी, कुठेही जा, समोर पहिला डॉक्टर येत नाही, काउन्सेलर येतो, आणि तो "सर आज बुक केलं तर पाचशे ग्राफ्ट फ्री" असं सुरू करतो. अशा ठिकाणाहून मी चहा पिऊन उठलो. विचारायचं एवढंच, डोक्याला छिद्रं स्वतः कोण पाडणार? डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ साली स्पष्ट सांगितलंय की हे काम रीतसर सर्जिकल ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरने करायचं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा स्किनवाला, वर्कशॉप आणि यूट्यूब बघून शिकलेलं चालत नाही. आणि ग्राफ्ट म्हणजे फुकट वाटायचा माल नाही हो, ते तुमच्याच मानेच्या वरच्या पट्ट्यातून निघतात, तिथला साठा मर्यादित असतो, एकदा काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. पंचविशीत सगळं पुढे लावून टाकलं आणि चाळिशीत मागे टक्कल पडलं तर आणणार कुठून?

आधी रक्ताच्या टेस्ट होतात, साखर, एचआयव्ही, कावीळ बी, रक्त गोठण्याची टेस्ट. ॲस्पिरिन वगैरे रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. सिगरेट बंद. त्या दिवशी नाश्ता नीट करून जा आणि शर्ट बटणाचा घाला, टी-शर्ट डोक्यावरून काढताना सगळी वाट लागते.

दुखतं ते फक्त भुलीच्या इंजेक्शनांचं. कपाळावर आणि मागे डोक्यात बारीक बारीक टोचतात, डोळ्यात टचकन पाणी येतं, दहा-पंधरा मिनिटांत डोकं बधिर आणि मग कंटाळा. आधी पालथं झोपवून मागून एकेक मूळ काढतात, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने, म्हणजे पोकळ सुईसारख्या हत्याराने, त्याची घरघर हाडातून ऐकू येते ते जरा विचित्र वाटतं. काढलेली मुळं गार सलाईनमध्ये ठेवतात, मोजतात, मध्ये जेवण, मग उताणं झोपवून पुढे लावतात. सहा ते आठ तास धरून चाला.

परतीचा प्रवास महत्त्वाचा. ट्रेनने जायचा विचारही नको, संध्याकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर कोणाची बॅग कुठे लागेल सांगता येत नाही. रिक्षाही नको, खड्ड्यात उडालात की वरचा रॉड थेट डोक्यात. कॅब करा, त्यातही आत बसताना दरवाजाच्या कडेला डोकं आपटायची भीती असते म्हणून आधी बूड टेकवायचं, मग वाकून आत. ग्राफ्ट नीट धरायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर हे सांभाळायचं. समजा आपटलंच आणि रक्त आलं तर स्वच्छ गॉजने हलकं दाबून धरा आणि लगेच डॉक्टरला फोन.

पहिल्या रात्री झोप नाहीच. पाठीमागे उशांचा ढीग, मानेला प्रवासातली ती यू आकाराची उशी, अर्धवट बसून झोपायचं. हे सूज कमी राहावी म्हणून, तरी मला आलीच, भुलीसाठी डोक्यात टोचलेलं पाणी खाली उतरतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास डोळे अर्धे मिटतात. घाबरू नका, तीन-चार दिवसांत ओसरते. ताप, पू किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर मात्र वाट बघायची नाही. पहिला हेड वॉश क्लिनिकमध्येच करून घ्या, नर्स कसा फेस टेकवते, मग पाणी मगातून कसं हळू सोडते ते नीट बघा. शॉवर नाही. खपल्या नखाने काढायच्या नाहीत, खाज कितीही सुटो, आठ-दहा दिवसांनी धुताना आपोआप सुटतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. ऑपरेशनसाठी भादरलेलं तुळतुळीत डोकं बघून आपल्याकडे लोक काय समजतात? सोसायटीतले काका लिफ्टमध्ये आवाज खाली आणून म्हणाले, "घरी... कोण?" बाबा माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनीच उत्तर दिलं, "अजून आहे मी." तेव्हा शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवा.

हेल्मेट आणि जिम डॉक्टर सांगेपर्यंत बंद, पोहणं महिनाभर तरी नाही. पावसाळा आणि मे महिना टाळा, घाम आणि ऊन दोन्ही नको, डिसेंबर-जानेवारी बरा.

मग येतो खरा वाईट काळ. दोन-तीन आठवड्यांनंतर लावलेले केस गळायला लागतात, कधीकधी आजूबाजूचे जुनेही, आणि माणूस म्हणतो पैसे गेले. तसं नसतं, केस जातो, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसते, सहाव्यात लोकांच्या लक्षात येतं, पूर्ण रिझल्टला वर्ष, शेंडीकडच्या भागाला दीड वर्षही लागतं. म्हणून लग्न दोन महिन्यांवर असेल तर हे करूच नका, फोटोत आधीपेक्षा वाईट दिसाल. आणि जुने केस गळतच राहतात, त्यासाठी मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड डॉक्टर देतात. फिनास्टेराइडचे साइड इफेक्ट, लैंगिक तक्रारींसकट, तोंडावर विचारा, लाजू नका.

पैशांचं म्हणाल तर ग्राफ्टचा रेट ऐकून हिशोब करू नका, वर जीएसटी लागतो, कारण सरकार हे उपचारात धरत नाही, मेडिक्लेमही देत नाही. टेस्ट, औषधं, पुढचे वॉश धरून एकच आकडा लिहून घ्या आणि पक्कं बिल मागा. फोटो महिन्यातून एकदाच काढा, रोज आरशात बघून काही कळत नाही.