जर्मनीतले पहिले महिने: आधी पत्ता, मग बाकी सगळं

जर्मनीत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की पत्त्याची नोंद झाल्याशिवाय इथे काहीच पुढे सरकत नाही. या नोंदीला आनमेल्डुंग म्हणतात आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. नोंद झाली की टॅक्सचा 11 आकडी नंबर येतो, त्यावर पगारातली कपात ठरते. रेसिडेन्स परमिटच्या अर्जालाही नोंदीचा तोच कागद लागतो.

मी पुण्याहून नोकरीसाठी श्टुटगार्टला आले. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्सचा करार दाखवला की पत्त्याचा पुरावा झाला. इथे नुसता भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेला वेगळा फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नोव्हेंबर 2015 पासून तो सक्तीचा आहे. म्हणून घर बघायला जायच्या आधीच मी विचारायचे, "या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल ना?" एका मालकाने नाही म्हटलं. घर छान होतं, ट्राम दारात होती, तरी मी ते सोडलं आणि आजही कुणालाही तेच करायला सांगेन.

किल्ल्या मिळाल्या त्याच संध्याकाळी टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटवलं. हे फार महत्त्वाचं आहे. टॅक्स नंबर टपालानेच घरी येतो आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. ओळखीतल्या एकाचं बँकेचं पिन असंच परत गेलं होतं. टॅक्स नंबर वेळेत मिळाला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जड, कर कापला जाऊ शकतो. पैसे नंतर परत मिळतात, पण तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट नुकतंच भरलेलं असताना ती कपात फार जाणवते.

आपल्या नावांकडेही नीट लक्ष द्यायला हवं. माझ्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं नाव आहे, त्यामुळे इथल्या सगळ्या कागदांवर ती दोन्ही माझीच नावं ठरली. मग बँक, विमा, कंपनी, सगळीकडे मी पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर तसंच लिहिलं. आडनाव बदललेल्या मैत्रिणींना तर मी हे पुन्हापुन्हा सांगते.

आरोग्य विम्याचं काम सोपं झालं. सरकारी पद्धतीच्या क्रांकनकासेचा, म्हणजे आरोग्य विमा संस्थेचा, हप्ता पगाराच्या 14.6 टक्के, वर त्या संस्थेची थोडी जादा आकारणी. निम्मा भार कंपनी उचलते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येतं, महिन्याला 18.36 युरो. ते माणशी नसून घरटी असतं, त्यामुळे घर वाटून राहणाऱ्यांपैकी एकाने भरलं तरी पुरतं.

खरा धीर लागला तो रेसिडेन्स परमिटला. अपॉइंटमेंट लवकर मिळेना आणि व्हिसाची मुदत जवळ येत होती. मुदत संपायच्या आधी अर्ज पोहोचणं इथे निर्णायक असतं, म्हणून मी तो वेळेत पाठवला आणि पोच जपून ठेवली. कार्ड येईपर्यंत फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कोणत्या कलमाची खूण आहे ते बघाच. इथल्या रहिवास कायद्याच्या कलम 81 मधल्या चौथ्या पोटकलमाची असेल तर जुना हक्क चालू राहतो आणि भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्याची असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. माझ्या कागदावर चौथ्याची होती. ती बघूनच मी दिवाळीचं तिकीट काढलं, तेही फ्रँकफर्टहून थेट मुंबईचं, म्हणजे वाटेत दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला हा कागद समजावत बसायची वेळ येणार नाही.